मुलगा सेट आहे ना?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, वीस खंडांची. तीत ‘सेट’ या एका शब्दाचे ४३० अर्थ दिले होते आणि ते समजावून सांगायला साठेक हजार शब्द खर्ची पडले होते. म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरीच, नायक एकच असलेली. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकलं. त्याच्या नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले आणि ते निस्तरण्यात एका संपादकाचे नऊ महिने गेले. असेल. तो तिकडचा निकाल. पुण्यात रन गहुंज्याच्या मैदानावर काढतात आणि हिंजवडीत संगणकावर करतात. मधल्या सगळ्या शहरावर राज्य सेटचं.

जिममधला ट्रेनर ‘अजून एक सेट’ म्हणतो तेव्हा तो शेवटचा नसतो. उडप्याकडे सेट डोसा मागवला की लहान लहान दोन-तीन डोसे एकावर एक येतात. या शब्दाचा एवढा प्रामाणिक वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. लॉ कॉलेज रस्त्याला ‘सेटवर आहे’ ही फोन न उचलण्याची मान्यताप्राप्त सबब आहे. १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून तिथे आली, १९६० साली त्याच जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, त्यामुळे सबबीला इतिहासही भक्कम आहे. हे सगळं मी आनंदाने सोसत होतो. माझा छळ सुरू झाला तो सांगलीहून.

मावशीच्या नणंदेच्या मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं आणि आमच्या विंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाचं नाव कुठूनसं तिच्यापर्यंत पोचलं. मावशीचा फोन आला. “अरे, तुमच्याकडचा तो मुलगा सेट आहे ना?”

“हो. गेल्या वर्षीच झाला. पेढे दिले होते सगळ्यांना.”

मावशी खूश. मीही खूश, कारण मी अक्षरशः खरं बोललो होतो. मुलगा सेट झाला होता. राज्य पात्रता परीक्षा, जी आपलं गणेशखिंडीतलं विद्यापीठ महाराष्ट्र आणि गोव्यासाठी घेतं. तीनशे गुण, दोन पेपर, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून सोपी वाटते. पण दोन्ही पेपरांना बसून किमान गुण मिळवलेले असले, तरी पात्र ठरतात ते बसलेल्यांच्या फक्त सहा टक्के. प्राध्यापक व्हायचं तर सेट तरी हवी, नाहीतर देशपातळीवरची नेट तरी. या परीक्षेत प्रश्नपत्रिकेचेही सेट असतात, शेजाऱ्याचा वेगळा, आपला वेगळा. त्यामुळे सेटला तुला कुठला सेट आला होता, असं वाक्य तिथल्या फाटकाबाहेर कुणी कपाळाला आठी न पाडता बोलतं.

मावशीला मात्र परीक्षेशी कर्तव्य नव्हतं. तिला म्हणायचं होतं, बस्तान बसलं आहे का. पूर्वी ती तसंच म्हणायची. मग सांगलीतही सेट शिरला.

गैरसमज दूर करावा म्हणून मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. मुलाची आई म्हणाली, “तो काय, सेट झालाय आता.” वडील म्हणाले, “छे हो, अजून सेट व्हायचाय.” दोघं एकाच सोफासेटवर बसून, एकाच मुलाबद्दल, आणि दोघांचंही बरोबर. आईच्या डोळ्यांसमोर भिंतीवरचं फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं. वडिलांच्या डोळ्यांसमोर तासिका तत्त्वावरची नेमणूक. म्हणजे जितके तास शिकवशील तितक्या तासांचे पैसे, आणि मे महिन्यात तास नसतात. सेटचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. नेमणूक परीक्षांपर्यंत.

मी मावशीला तसं कळवलं. “सेट झालाय, पण सेट नाहीये.” पलीकडे शांतता. मग, “तू बरा आहेस ना?”

त्याच सुमाराला आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग चाललं होतं. ठेकेदार रोज एकच वाक्य बोलायचा, “सेट व्हायला वेळ द्या.” किती वेळ, ते सांगायचा नाही. मी शोधून काढलं. आपल्या देशात साध्या सिमेंटला मानक ठरवून दिलेलं आहे: तीस मिनिटांच्या आत घट्ट व्हायला सुरुवात होता कामा नये आणि सहाशे मिनिटांत सेट झालंच पाहिजे. सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. कारण गवंड्याला कालवून, टाकून, थापी मारायला अवधी मिळायला हवा आणि दुसऱ्या दिवशीचं कामही अडायला नको. माणसांच्या बाबतीत असं लेखी काही नसल्यामुळे नातेवाइकांना मोकळं रान आहे. ‘सेटल’चं तसं नाही, ते सोपं आहे. सेटल व्हायला अमेरिका किंवा निदान ऑस्ट्रेलिया लागते. सेट व्हायला कोथरूडमध्ये दोन बेडरूम आणि पार्किंग.

पुढची बातमी इस्त्रीवाल्याने दिली. “दुसऱ्या मजल्यावरच्या दादाचं कॉलेजात सेटिंग चाललंय म्हणतात.” मी हे मावशीला सांगायला नको होतं असं बायकोचं मत आहे. पण चौकशी म्हणजे चौकशी.

“कुठलं सेटिंग?” मावशीने विचारलं. “नोकरीचं की मुलीचं?”

सेटिंगला ही सोय आहे. मोबाइलचं असतं तेव्हा ते बिघडलेलं असतं, बाकी कशाचंही असतं तेव्हा जुळलेलं. मावशीच्या प्रश्नातली अडचण अशी की नोकरीचं असेल तर मुलगा लबाड पण हुशार, आणि मुलीचं असेल तर सरळ पण आपल्या उपयोगाचा नाही. मी इस्त्रीवाल्याला पुन्हा गाठलं. त्याला प्रोजेक्टरचं म्हणायचं होतं. कॉलेजातल्या सगळ्या वर्गांतले प्रोजेक्टर हाच मुलगा चालू करून देतो.

शेवटी मुलगाच भेटला, अप्पा बळवंत चौकात, झेरॉक्सच्या दुकानात. मुलाखतीसाठी कागदपत्रं काढत होता.

“किती सेट?” दुकानदार.

“चार.”

“लावून देऊ, का तुम्ही लावणार?”

सेट लावणं हे एक स्वतंत्र कौशल्य आहे. दहावी, बारावी, पदवी, पदव्युत्तर, सेट, जातीचा दाखला, असं एकामागे एक आलं पाहिजे. दोन सेटमध्ये बारावी दोनदा आली की तिसऱ्यात ती नसते, आणि मुलाखतीला नेमका तोच पुढे जातो. मुलगा स्वतः लावत बसला. मी त्याला सरळ विचारलं, “बाळा, तू सेट आहेस का?”

“कुठल्या अर्थाने, काका?” म्हणजे त्यालाही हा प्रश्न नवा नव्हता. मग त्याने सांगितलं. कॉलेजातल्या तासांवर पेट्रोल भागतं. संध्याकाळी नारायण पेठेत तो क्लास घेतो, तिथे भरपूर मुलं येतात आणि घर त्यावर चालतं. क्लास कसला? सेटचा. सेट होऊन जो सेट झाला नाही, तो इतरांना सेट करता करता सेट होत आला होता. हे वाक्य मी फोनवर मावशीला म्हणून दाखवलं. ती म्हणाली, “मी शनिवारी येते. त्यांना चहाला बोलाव.”

चहा म्हणजे शोकेसमधला सेट काढणं आलं. लग्नात मिळालेला, सहा कपांचा, आणि बशा पाच. बायकोने मला एक बशी आणायला तुळशीबागेकडे पिटाळलं. दुकानदाराने नमुन्याची बशी उलटी करून पाहिली आणि परत दिली. “सुटी मिळणार नाही. सेट घ्यावा लागेल.”

“पण मला एकच हवी आहे.”

“मग बाकीच्या पाचांचं मी काय करू?”

मी यावर घरी येऊन अभ्यास केला, कारण दुकानात उत्तर सुचलं नव्हतं. इंग्रजीत हे सेट मुळात दोन. ठेवणे, बसवणे या अर्थाचा जुन्या इंग्रजीतला, आणि वस्तूंच्या संचाचा फ्रेंचमार्गे आलेला. दुसऱ्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा जथा, पंथ. आता दुकानदाराचं म्हणणं पटलं. पंथातून एक बशी फोडणं धर्माला धरून नाही.

पहिला सेट तर आपल्या घरचाच निघाला. तो ‘सिट’चा भाऊ, आणि त्यांचं कूळ संस्कृतातल्या ‘सद्’ धातूचं. संसद, परिषद, उपनिषद त्याच घरातले, आणि आमचे सोसायटीचे सभासदही. मुळात अर्थ काय, तर बसवणे. आणि बसवण्यात मराठीला कुणाची उसनवारी करायची गरज आहे? आपण गणपती बसवतो, नाटक बसवतो, अंगठीत खडा बसवतो, नळाला नवा वॉशर बसवतो, दोन गुद्दे बसवतो. इंग्रज हाड मोडल्यावर ‘सेट’ करतात ते आपला हाडवैद्य कधीपासून बसवतोच आहे. मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बशी आणलीस का?

नवा सेट आणला.

शनिवारी दुसरा मजला सहकुटुंब खाली आला. मावशीने पोह्यांची ताटली ठेवली आणि कुठलाही इंग्रजी शब्द मध्ये न आणता विचारलं, “पगार किती?” मुलाने सांगितलं. कॉलेजचे इतके, क्लासचे इतके, मे महिन्यात फक्त क्लासचे. मावशीने मान डोलावली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “एवढंच हवं होतं मला. तू काय काय सांगत होतास रे?”

मग मुलाच्या आईने घसा साफ केला. “मुलगी काय करते? तीही सेट आहे का?”

“सेट?” मावशी म्हणाली. “नाही बाई. ती नेट आहे. पहिल्या फटक्यात, फेलोशिपसकट. महिन्याला सदतीस हजार येतात.”

मुलाने कप बशीत ठेवला. वडील इतका वेळ पंख्याकडे बघत होते, ते प्रथमच खाली बघून हसले.

“मग झाला की आमचा सेट,” ते म्हणाले.