रॉक ऑपेरा १९७९ मध्ये संपला नाही, आणि मराठीला तो परकाही नाही

पुण्यातल्या रॉक ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मजकूर बराच फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: रॉक ऑपेरा, म्हणजे गाण्यांतून एक सलग गोष्ट सांगणारा रॉक अल्बम, १९६९ मध्ये द हू या बँडच्या 'टॉमी'ने सुरू झाला आणि १९७९ मध्ये पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'ने संपला. नंतर आली ती नक्कल, नाहीतर नाटकवाल्यांची म्युझिकल्स. इंग्रजीबाहेर हा प्रकार कधी गेला नाही, दीड तासाची गोष्ट ऐकायला आज कुणाला धीर नाही, आणि मराठीत तर तो रुजणं शक्यच नव्हतं. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत भरपूर ऐकलेली, जाणकार माणसंही आहेत. म्हणून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

सुरुवातीचा मुद्दा आधी उरकते. 'टॉमी' १९६९ च्या मे महिन्यात आला. पण प्रिटी थिंग्ज या बँडचा 'एस. एफ. सॉरो' डिसेंबर १९६८ मध्येच आला होता आणि त्यात एका माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची गोष्ट आहे. खुद्द 'टॉमी'च्या कर्त्याने, पीट टाउनशेंडने, १९६६ मध्ये नऊ मिनिटांचं, अनेक तुकड्यांचं कथागीत करून पाहिलं होतं. 'टॉमी' गाजला, हा प्रकार घरोघरी पोहोचला, हे श्रेय त्याचंच. पहिला मात्र तो नव्हे.

आता 'द वॉल'ने संपला, हा मुद्दा. हा दावा खरा का वाटतो ते मला समजतं. १९७६-७७ मध्ये पंक, म्हणजे आखूड, वेगवान, साध्या गाण्यांचं रॉक, आलं आणि लांबलचक, गोष्ट सांगणारे अल्बम एकदम जुनाट ठरले. पुढे १९८१ मध्ये एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली आणि तीन-चार मिनिटांचं गाणं आणि त्याचा व्हिडिओ हेच बाजाराचं माप झालं. रेडिओवर आणि मासिकांतून रॉक ऑपेरा दिसेनासा झाला, हे खरं. पण त्याच काळात हेवी मेटल या जड, जोरकस रॉकच्या बँडांनी तो उचलला, आणि तिकडे या मजकुराचं लक्षच नाही. १९८८ मध्ये क्वीन्सराइकचा 'ऑपरेशन: माइंडक्राइम' आला. व्यसनात अडकलेल्या निकी नावाच्या तरुणाला एक राजकीय टोळी खुनांसाठी वापरते, अशी ती गोष्ट. त्यातल्या सिस्टर मेरीसाठी पामेला मूर ही वेगळी गायिका घेतली होती. १९९१ मध्ये सॅव्हाटाजने 'स्ट्रीट्स' काढला आणि मुखपृष्ठावरच त्याला रॉक ऑपेरा म्हटलं.

पामेला मूरचा उल्लेख मुद्दाम केला, कारण खरा बदल तिथे आहे. 'टॉमी'मधली जवळपास सगळी पात्रं बँडमधली माणसंच गातात. 'द वॉल'च्या शेवटी खटला भरतो तेव्हा न्यायाधीश, शिक्षक, आई, बायको हे सगळे आवाज पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स एकटे काढतात. हे कीर्तनासारखं आहे: बुवा एकच, तोच नारद, तोच कंस. पात्रागणिक गायक ही गोष्ट १९७० मध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'च्या अल्बमने केली होती. डीप पर्पलचा इयन गिलन त्यात येशू होता. पण ते लिहिणारे संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर आणि गीतकार टिम राइस मुळात रंगभूमीकडे डोळे लावून बसलेले होते. रॉक संगीतकारांनी ही रीत मनापासून स्वीकारली ती नव्वदीच्या अखेरीस.

त्यात सगळ्यात मोठं काम डच संगीतकार आर्येन लुकासन यांचं. एरियॉन या नावाखाली ते गोष्ट लिहितात, चाली बांधतात आणि प्रत्येक पात्रासाठी जगभरातून गायक शोधतात. १९९८ च्या 'इन्टू द इलेक्ट्रिक कॅसल'मध्ये हे पुरतं दिसतं. पण ऐकायचाच असेल तर २००४ चा 'द ह्यूमन इक्वेशन' ऐका. अपघातानंतर एक माणूस कोमात पडला आहे. वीस दिवस, वीस गाणी. बाहेर खाटेजवळ बायको आणि मित्र, आणि आत त्याच्या डोक्यात भीती, राग, गर्व, वेदना, प्रेम, विवेक अशी पात्रं एकमेकांशी भांडताहेत. गायक अकरा. कोमातला माणूस म्हणजे ड्रीम थिएटरचा जेम्स लाब्री, भीती म्हणजे ओपेथचा मिकाएल ओकरफेल्ट, राग म्हणजे डेव्हिन टाउनसेंड. भीतीचा तो खालचा, घशातून येणारा आवाज लाब्रीच्या स्वच्छ वरच्या सुरावर येऊन आदळतो, तेव्हा आवाजाच्या जातीतून पात्र उभं राहतं. सत्तरच्या दशकातल्या बँडांनी हे या प्रमाणात केलं नव्हतं. २०१५ मध्ये रॉटरडॅमला हा अल्बम रंगमंचावर सादर झाला. जर्मनीत टोबियास सॅमेटने २००१ पासून अव्हांटासियाच्या नावाने याच वाटेचं काम केलं. याला नक्कल म्हणणाऱ्याने यातला एकही अल्बम सलग ऐकलेला नाही, असं मी ठामपणे म्हणते.

"नंतरची सगळी म्युझिकल्स" या आक्षेपात मात्र तथ्य आहे, थोडं. गाजलेल्या बँडची जुनी गाणी घ्यायची आणि त्यांच्याभोवती कथा गुंडाळायची, असे कार्यक्रम लंडन-न्यूयॉर्कमध्ये खूप झाले. त्यांना मीही रॉक ऑपेरा म्हणणार नाही. पण मजकूर त्या टोपलीत ग्रीन डेचा 'अमेरिकन इडियट'ही टाकतो, ते चूक. तो २००४ मध्ये अल्बम म्हणूनच आला, नऊ-नऊ मिनिटांच्या, पाच-पाच भागांच्या दोन रचनांसह. पंकने ज्या प्रकाराला जुनाट ठरवलं, तो प्रकार पंकच्याच वारसदारांनी परत आणला. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत आणि २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तो गेला, ते नंतर. आधी अल्बम, मग रंगमंच हा क्रम 'सुपरस्टार'चाही होता: अल्बम १९७०, ब्रॉडवे १९७१. 'टॉमी' स्वतः १९९३ मध्ये ब्रॉडवेवर गेला. मग रंगमंचावर गेल्याने 'टॉमी' बाटला नाही आणि 'अमेरिकन इडियट' बाटला, हे कसं? जोनाथन लार्सनचं १९९६ चं 'रेंट' तर पुचिनीच्या 'ला बोएम' या ऑपेरावर बेतलेलं आहे आणि बहुतांश गाऊनच सांगितलेलं आहे. ऑपेराशी त्याचं नातं बहुतेक बँडांपेक्षा जवळचं आहे.

इंग्रजीबाहेर गेला नाही, हे तर सरळ खोटं. फ्रेंचमध्ये 'स्टारमानिया' १९७८ मध्ये अल्बम म्हणून आला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला रंगमंचावर. मॉस्कोच्या लेनकॉम नाट्यगृहात १९८१ मध्ये अलेक्सेई रिबनिकोव यांचा 'यूनोना आणि अवोस' झाला. शब्द आंद्रेई वोझ्नेसेन्स्की या कवीचे. बुडापेस्टच्या बागेत १९८३ मध्ये 'राजा इश्तवान' उघड्यावर सादर झाला. हंगेरीचा पहिला ख्रिस्ती राजा आणि जुन्या धर्माचा सरदार कोप्पान यांची ही लढाई. साम्यवादी राजवटीत बसलेल्या प्रेक्षकांनी त्या हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत आपलं वर्तमान पाहिलं. 'घाशीराम कोतवाल'च्या पेशवाईतल्या गोष्टीत १९७२ चा महाराष्ट्र पाहणाऱ्या पुणेकरांना हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

धीराबद्दल फार लिहीत नाही. लाँगप्ले तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं मावत, सीडीवर त्याच्या तिप्पट-चौपट. त्यामुळे या गोष्टी आखूड न होता लांबल्या. ड्रीम थिएटरचा २०१६ चा 'द अॅस्टॉनिशिंग' दोन तासांहून मोठा आहे. आणि सवाई गंधर्व महोत्सवात तासन्‌तास मांडी घालून बसणाऱ्या गावाने श्रोत्याला धीर नाही म्हणावं, हे मला पटत नाही.

राहिला मराठीचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त लागला तो हाच. १८८० च्या ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यातच रंगमंचावर आलं. त्यानंतरचा संगीत नाटकाचा इतिहास म्हणजे त्या-त्या पिढीचं ताजं संगीत रंगमंचावर घेण्याचा इतिहास आहे. किर्लोस्करांनी कीर्तनातल्या, लावणीतल्या, कानडी चाली घेतल्या. १९११ मध्ये 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे ठुमरी-दादऱ्याचा बाज घेऊन आले, १९१६ मध्ये 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी दिल्या. संगीत नाटकात गद्य असतं, म्हणून तो ऑपेरा नव्हे, हे मान्य. पण गाण्यातून गोष्ट पुढे नेणं आणि बाहेरचं संगीत आपल्या शब्दांत मुरवणं, या दोन्ही गोष्टी या शहराला चांगल्या येत होत्या.

आणि रॉकही त्या रांगेत येऊन गेला. मुंबईत अॅलेक पदमसींनी 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' केलं तेव्हा त्यात जुडास गायला होता रॉक गायक नंदू भेंडे. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' केलं. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या नाटकाचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं रूपांतर, दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यातला गुंड अंकुश हाच नंदू भेंडे. लावणी, नाट्यपद आणि पाश्चात्त्य पॉप-रॉक एकाच प्रयोगात, आणि रॉक कुणाच्या वाट्याला, तर अंकुशच्या. हा विचार करून केलेला संगीताचा निर्णय आहे. 'टॉमी' येऊन तेव्हा नऊच वर्षं झाली होती आणि 'द वॉल' अजून यायचा होता. मूळ नाटक रॉक ऑपेरा नव्हे. तरीही रॉक गायकाच्या आवाजाला मराठी नाटकात मध्यवर्ती पात्र मिळालं, ते इथे.

पुढे हा धागा सलग राहिला नाही, हे मी नाकारत नाही. पण तो तुटलाही नाही. फिरोदिया करंडक या पुण्यातल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेजची मुलं वाद्यं, गाणं, नृत्य, चित्रकला एका कथासूत्रात गुंफतात. गिटार, ड्रम आणि पखवाज एकाच मंचावर असतात. तिथून पात्रागणिक गायक आणि गद्याविना सलग दीड तास इथपर्यंतचं अंतर फार नाही. गाणारे, वाजवणारे आणि बसवणारे पुण्यात आहेत. अडतं ते शब्दांशी. पाच किंवा सात मात्रांच्या रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यावर, बसतील, बोलल्यासारखे वाटतील आणि गोष्टही पुढे नेतील अशी मराठी पदं लिहिणारा कवी अजून या तालमींना मिळालेला नाही. वाद घालायचा तर तो कवी कुठून आणायचा, यावर घालूया.