पायाची जखम उघडी, चेहऱ्याची बंद: एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तालुक्याच्या गावी इतकी वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरांनी जखम कधी शिवावी यावरचा माझा लेख बारकाईने वाचून त्यातली विसंगती दाखवावी, याचा मला आनंदच आहे. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. वीस तासांपूर्वीची चेहऱ्यावरची जखम शिवा आणि दोन तासांपूर्वीची पायावरची उघडी ठेवा, हे एकाच लेखात कसं? सहा तासांच्या आतली जखम शिवा, नंतरची उघडी ठेवा असा सरळ नियम असताना नव्या डॉक्टरांचा गोंधळ का वाढवता? आणि जखम उघडी ठेवून घरी पाठवलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाऊन टाके घालून येतो, त्याचं काय?

आधी सहा तासांचं बघू. तो नियम १८९८ सालच्या फ्रीडरिख या जर्मन सर्जनच्या प्रयोगापर्यंत जातो. त्याने गिनीपिगच्या जखमांमध्ये मुद्दाम माती आणि धूळ घातली, आणि साधारण सहा तासांच्या आत कडा कापून जखम साफ केली तरच उपयोग होतो असं त्याला दिसलं. म्हणजे प्रयोग होता मातीने भरलेल्या जखमेचा, आणि धडा होता वेळेत साफ करण्याचा. आपण मात्र त्यातलं घड्याळ तेवढं उचललं आणि माती विसरलो. चेहऱ्याचा रक्तपुरवठा इतका भरपूर असतो की काचेने कापलेली स्वच्छ जखम दुसऱ्या दिवशीही नीट धुऊन शिवता येते. नडगीवर कातडीखाली लगेच हाड, रक्तपुरवठा बेताचा. तिथे दोन तासही उशीर ठरू शकतो, कारण प्रश्न जखमेत काय शिरलंय आणि किती मांस मेलंय याचा आहे.

ऊसतोडीच्या हंगामात तुमच्याकडे कोयत्याच्या जखमा येतच असतील. कोयता निसटला की बहुधा नडगीवर किंवा पावलावर बसतो. जखमेत चिखल, पाचटाचा कचरा, वरून दाबलेली हळद. अशा वेळी भूल देण्याआधी पायाचा अंगठा वर उचलायला सांगायचं, बोटांना स्पर्श कळतो का बघायचं. एकदा लिग्नोकेन (भुलीचं औषध) गेलं की संवेदना तपासता येत नाही, आणि अंगठा उचलणारी कंडरा (टेंडन) तुटलेली असताना वरची कातडी सुबक शिवली तर माणूस पुढे अंगठा फरफटत चालतो. मग धुणं. २० मिलीची सिरिंज, १८ नंबरचा हिरवा कॅन्युला (सलाईन लावायची बारीक नळी, सुई काढून) आणि जोराची धार. जखमेच्या दर सेंटिमीटरला ५० ते १०० मिली असा हिशेब धरला तर पाच सेंटिमीटरच्या जखमेला अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली सहज संपते. तुम्ही म्हणता तसा इतका वेळ ओपीडीत नसतो, हे खरं आहे. पण हे काम शिकवलेली सिस्टर करू शकते, आणि साध्या जखमेला पिण्यायोग्य नळाचं पाणीही चालतं. बिटाडीन आजूबाजूच्या कातडीला लावा. ते तसंच जखमेत ओतलं, किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढला, तर जंतूंबरोबर आपल्याच पेशी मरतात.

एवढं करूनही मांस काळपट दिसत असेल, चिमट्याने धरल्यावर आकसत नसेल, कापल्यावर रक्त येत नसेल, तर ते काढायचं आणि जखम ओल्या गॉजने हलकी भरून ठेवायची. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पू नसेल, तळ लालसर असेल, तर तेव्हा टाके घालायचे. ही काही माझी टूम नव्हे. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि बेल्जियमच्या शेणखत घातलेल्या शेतजमिनीत सैनिक जखमी झाले. लगेच शिवलेल्या जखमांमध्ये गॅस गँगरीन (मांस सडवणारा जंतुसंसर्ग) होऊन माणसं दगावली, तेव्हा मेलेलं मांस काढून जखम उघडी ठेवण्याची पद्धत रुजली. उसाच्या फडातली मातीही शेणखताचीच आहे.

कुत्र्याच्या चाव्याची जखम लगेच शिवू नये, याबद्दल तर मी तसूभरही मागे हटणार नाही. आधी लावलेली मिरची, चुना असेल ते सगळं काढून साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं. जखम तिसऱ्या श्रेणीची, म्हणजे कातडी फाटून रक्त आलेली असेल तर लशीबरोबर रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) थेट जखमेत आणि भोवती भरायचं. ते तुमच्याकडे नसेल तर जिथे मिळेल तिथे त्याच दिवशी पाठवा, टाके घालून नव्हे. सुईच्या प्रत्येक टोच्याबरोबर विषाणू आणखी खोल, मज्जातंतूंच्या जवळ जाण्याचा धोका असतो. चेहरा फाटला असेल आणि शिवणं टाळताच येत नसेल, तर इम्युनोग्लोब्युलिन भरून काही तास थांबून, मोजके आणि सैल टाके.

टाका घट्ट असला की पक्का बसतो, या तुमच्या मताशीही मी सहमत नाही. गाठ मारल्यावर टाक्याभोवतीची कातडी पांढरी पडली का, एवढंच बघा. पडली असेल तर तिथलं रक्त थांबलंय. पहिल्या दोन दिवसांत सूज चढते आणि तोच दोरा कातडीत रुततो. कडा एकमेकींना टेकल्या आणि किंचित वर उचलल्या गेल्या की पुरे. सुई कातडीत काटकोनात घातली की हे आपसूक जमतं, तिरकी घातली की कडा आत वळतात. नायलॉनची गाठ सुटते म्हणून ती आवळण्याऐवजी एखादा वेढा जास्त द्यावा. चेहऱ्याचे टाके पाचव्या दिवशी काढलेत तर शिडीसारखे व्रण राहत नाहीत. पायाचे मात्र १० ते १४ दिवस ठेवावे लागतात.

राहिला पेशंट समोरच्या दवाखान्यात जाण्याचा प्रश्न, आणि तुमची ही अडचण मला अगदी मान्य आहे. रक्त येतंय, जखम उघडी दिसतेय आणि डॉक्टर म्हणतात चार दिवसांनी या. कोणाचाही विश्वास उडेल. म्हणून 'उघडी ठेवतोय' एवढंच म्हणून सोडू नका. 'टाके घालणार आहे, पण शुक्रवारी. आज घातले तर आत पू होईल' असं नातेवाइकांसमोर सांगा आणि तारीख-वार चिठ्ठीवर लिहून द्या. मधल्या दिवसांत ड्रेसिंगला बोलवा, म्हणजे जखम तुमच्या नजरेखाली राहील. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी द्या. आणि टाक्यांचे पैसे आधी घेऊ नका, ते शुक्रवारीच घ्या.