सत्तेचाळिसावं अक्षर

गुप्तलिपी फोडायचा नाद लागला की पहिली पंचाईत होते ती ऐकणाऱ्यांची. मी 'व्हिजनेर' या जुन्या गुप्तलिपीचं नाव काढलं की घरातली माणसं एकेक करून दुसऱ्या खोलीत जातात. म्हणून म्हटलं, ऑनलाइन समदुःखी शोधू.

'क्रिप्टो' असा शोध दिला, ही पहिली घोडचूक. दोन आठवडे आभासी नाणी विकणारे मागे लागले. ज्युलियस सीझर आपल्या पत्रांतली अक्षरं ३ घरं सरकवायचा. यांना माझे पैसे सरकवायचे होते.

शेवटी खरी मंडळी सापडली. दाराशीच इंग्रजीतलं कोडं: फोडा आणि आत या. इंग्रजीत सगळ्यात जास्त येतो तो 'ई', शंभरात बाराएक वेळा. इथे सुळसुळाट होता 'आर'चा. म्हणजे सरळ १३ घरं पुढे! पण अट्टल लोकांच्या दाराला इतकं तकलादू कुलूप असेल? छे. दोन रात्री मी भलतीच कुलपं फोडत बसलो. तिसऱ्या रात्री झक मारत १३ घरं मागे गेलो. 'वेलकम' निघालं.

आत गेल्यावर अंगात आलं. मीही कोडं घालायचं ठरवलं, आणि तेही व्हिजनेरचं. चौकटीच्या वहीत वर कळशब्द पुन्हापुन्हा लिहायचा, खाली मजकूर, आणि वरचं अक्षर सांगेल तितकी घरं खालचं सरकवायचं. सगळं हाताने केलं. टाकलं. पाय पसरून बसलो.

तासाभरात अर्धा मजकूर फुटला. पुढे मात्र नुसता कचरा. एक म्हणे, इथून कळशब्द बदललाय. दुसरा म्हणे, उरलेलं प्लेफेअर या दुसऱ्याच लिपीत आहे. तिसऱ्याने माझ्या 'कुटिल बुद्धी'ला नमस्कार केला. मी गुपचूप वही काढली. उतरवताना सत्तेचाळिसावं अक्षर गाळलं होतं. एक अक्षर गळलं की पुढचा कळशब्द एकेक घर घसरतो, आणि मग बोंबला.

कबूल करायचं? इतका नमस्कार झाल्यावर?

तेवढ्यात एकाने विचारलंच, "४७वं अक्षर राहिलंय का हो?"

मी लगेच शिल्पकार जिम सॅनबॉर्नला पुढे केलं. सीआयएच्या आवारातल्या त्याच्या 'क्रिप्टोस' या १९९० च्या, गुप्तलिपी कोरलेल्या शिल्पातही एक अक्षर गाळलेलं आहे. त्यापायी लोक एका तुकड्याचा चुकीचा शेवट कित्येक वर्षं खरा धरून बसले. २००६ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं तेव्हा उलगडा झाला. "तीच परंपरा चालवतोय," असं मी लिहिलं. मुद्दाम केल्यासारखं.

उत्तर आलं ते गुप्तलिपीत. कळशब्द दिलेला नाही. आज चौथा दिवस. पहिला शब्द 'डिअर' निघालाय, एवढं बरं. दुसरा चार अक्षरांचा आहे, 'एल'ने सुरू होतो आणि 'आर'ने संपतो. माझ्या नावात 'एल' कुठेच नाही.