लॅपटॉप घ्यायचाय? मग गरज वगैरे बाजूला ठेवा

लॅपटॉप घ्यायचं नक्की झालं ना, मग पहिलं काम काय करायचं, तर "मला हा कशासाठी पाहिजे" हा प्रश्न डोक्यातून काढून टाकायचा. लई डेंजर प्रश्न आहे तो. त्याचं खरं उत्तर दिलंत की लक्षात येतं आपल्याला मेल बघायचे असतात, दोन-चार एक्सेल, कधीतरी एखादा फॉर्म, आठवड्याला पाच-सहा मीटिंगा आणि उरलेल्या वेळात पोटावर लॅपटॉप ठेवून व्हिडिओ बघता बघता झोपी जायचं, आणि एवढ्याला काय लागतं ते कळलं की खरेदी पंधरा मिनिटांत उरकते, मग पुढचे दोन महिने करणार काय तुम्ही? म्हणून लॅपटॉप स्वतःसाठी बघूच नका. तो बघायचा त्या माणसासाठी, जो तुम्ही पुढच्या महिन्यापासून होणार आहात. फोर-के व्हिडिओ एडिट करणारा, पहाटे पाचला उठून पायथन शिकणारा, जमलंच तर थ्रीडी अ‍ॅनिमेशनपण करणारा. हा गृहस्थ गेली सहा वर्षं येतो येतो म्हणतोय, अजून उगवलेला नाही, पण उद्या अचानक आलाच आणि १६ जीबी रॅममध्ये त्याची अडचण झाली तर काय तोंड दाखवाल त्याला?

मग सल्ला. किमान दहा जणांना विचारा आणि दहाही जणांना बजेट वेगवेगळं सांगा. पुतण्या गेमिंगचाच सांगणार कारण सुट्टीत तो तुमच्याकडेच येणार असतो. मेहुणा म्हणणार लॅपटॉप कशाला, डेस्कटॉप घ्या, त्याच पैशात जास्त ताकदीचं मशीन येतं (हे बरोबर आहे, म्हणूनच ते मनावर घ्यायचं नाही, मेहुणा बरोबर निघाला की तो आयुष्यभर ऐकवतो). ऑफिसातला एक जण म्हणणार काहीही घे पण पहिल्याच दिवशी विंडोज उडवून लिनक्स टाक, आणि मग पुढची दोन वर्षं तुमचं वायफाय त्याच्या मूडवर. आणि एक असतो थांबवाला. "आत्ता नको घेऊस, नवीन जनरेशन येतंय." हा माणूस कधीच चुकत नाही कारण नवीन जनरेशन दरवर्षी येतंच, आणि तो स्वतः अजून थांबलेलाच आहे.

आता प्रोसेसर. इथं नियम एकदम सोपा आहे, आकडा मोठा तो भारी. इंटेलच्या आय-३ पेक्षा आय-५ भारी, आय-५ पेक्षा आय-७ भारी, पुढं वाचायचं नाही. मी स्वतः याच नियमाने २०१७ च्या सुरुवातीला कोअर आय-७ घेतला, ७५००-यू, सातवं जनरेशन, म्हणजे सातावर सात, यापेक्षा शुभ काय असणार. ताईने माझ्यानंतर वर्षभराने आय-५ घेतला, ८२५०-यू. मी हसलो. रीतसर हसलो, तिच्यासमोर, जेवताना, दोनदा. पुढं कधीतरी कळलं की माझ्या आय-७ मध्ये कोअर (म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे मेंदू) २ आणि तिच्या आय-५ मध्ये कोअर ४. नावातला ७ आणि पोटातले कोअर यांचा एकमेकांशी संबंध असायलाच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नव्हतं, मीच आपलं गृहीत धरलं होतं.

तुम्हीही धरा. आकड्याच्या मागं जे अक्षर असतं त्याच्याकडे ढुंकूनही बघू नका. यू म्हणजे कमी वीज खाणारा, हलक्या पातळ लॅपटॉपातला, एच म्हणजे जास्त वीज खाऊन जास्त पळणारा, एचएक्स म्हणजे त्याच्याही वरचा, ही असली माहिती डोक्यात गेली की माणूस विचार करायला लागतो. एएमडीवाल्यांच्या, म्हणजे इंटेलच्या प्रतिस्पर्ध्यांच्या, बाबतीत तर अजून जपून. रायझन ५ ७५२०-यू असं दिसलं की पहिला ७ बघायचा आणि नवीन माल म्हणून खूश व्हायचं. तिसरा आकडा बघितलात तर संपलं, कारण त्या सिरीजमध्ये तिसरा आकडा आतलं आर्किटेक्चर, म्हणजे मूळ रचना, सांगतो, आणि तिथं २ असेल तर ते झेन २, म्हणजे २०१९ मध्ये आलेलं. नवा शर्ट, आत जुनंच बनियन. हे आकडे वाचता यावेत म्हणून कंपनीने एक गोल चक्रीपण काढली होती, कुठला आकडा म्हणजे काय ते दाखवणारी. ज्या वस्तूचं नाव वाचायला चक्री लागते ती वस्तू उच्च दर्जाचीच असणार ना.

रॅमबद्दल एकच वाक्य पाठ करा, "आत्ता ८ जीबी घेऊ, नंतर वाढवू." नंतर वाढवता येते का हे विचारायचं नाही, त्यातली मजा जाते. बऱ्याच पातळ लॅपटॉपात रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, जन्माला आली तेवढीच, आणि हे तुम्हाला दोन वर्षांनी रिपेरिंगवाल्यासमोर खालचे स्क्रू काढल्यावर कळलं पाहिजे, त्या क्षणी जो चेहरा होतो तो आधी माहिती असताना होत नाही. आणि ८ जीबी कमी वाटली तर स्वतःची समजूत घाला की मायक्रोसॉफ्टच्या कागदावर विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज पुरतं. पुरतंच. चालू होतं, डेस्कटॉप दिसतो, माउस हलवला की थोड्या वेळाने तोही हलतो.

स्टोरेजचं म्हणाल तर ५१२ जीबी घेऊन घरी या, उघडा, तिथं ४७६ दिसले की लगेच दुकानदाराला फोन लावून भांडा. बनवणारे हजाराच्या हिशोबाने मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून तो फरक पडतो, चोरीला काही गेलेलं नसतं, पण भांडणाशिवाय खरेदी झाल्यासारखं वाटत नाही. स्वस्तातल्या मॉडेलवर ईएमएमसी (म्हणजे एसएसडीपेक्षा स्लो स्टोरेज) लिहिलेलं असेल तर ते एसएसडीचंच लाडाचं नाव आहे असं समजा. स्लो निघालं तर अँटिव्हायरसवर ढकलता येतं.

स्क्रीन आणि कीबोर्ड या दोन गोष्टी अजिबात तपासायच्या नाहीत कारण दिवसभर तुम्हाला फक्त त्यांच्याशीच काम आहे. प्रोसेसर तुम्हाला कधी दिसणार नाही, त्याच्यावर दोन महिने रिसर्च. स्क्रीन रोज आठ तास दिसणार, तिच्यावर शून्य मिनिटं. २५० निट्स म्हणजे काय, ४५ टक्के एनटीएससी म्हणजे काय असं विचारू नका, घरी खिडकीपाशी बसलात की स्क्रीनमध्ये स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसेल आणि लाल रंग विटेसारखा, तेव्हा दोन्हीचा अर्थ आपोआप कळतो. किंवा मग एकदम दुसऱ्या टोकाला जा, १४ इंचात फोर-के घ्या. अक्षरं मुंगीएवढी होतील. मग तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन स्केलिंग २०० टक्के कराल, आणि आता स्क्रीनवर बरोब्बर तेवढंच मावतं जेवढं साध्या फुल एचडीवर मावलं असतं, अक्षरं जरा रेखीव दिसतात हे खरं, पण मागं पिक्सेल चौपट, ते बॅटरी पीत बसतात. कीबोर्डवर तर दुकानात बोटसुद्धा लावू नका, लोक काय म्हणतील. पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी असलेलं कळायला एखादी महत्त्वाची मीटिंग पुरेशी असते.

ग्राफिक्स कार्ड मात्र घ्याच. त्या न उगवलेल्या गृहस्थासाठी. नाव बघायचं, आरटीएक्स ४०६० म्हटलं की ४०६०, त्यात काय बघायचंय. पातळ लॅपटॉपात कोंबलेलं तेच कार्ड ३५ वॅटवर चालवलेलं असू शकतं आणि जाडजूड लॅपटॉपात ११५ वर, दोघांच्याही स्टिकरवर नाव तेच, आता दोन सख्खे भाऊ एकाच आडनावाचे असले म्हणून दोघं सारखेच पळतात का, पण आपण आडनावावर स्थळ ठरवणारी माणसं. अडीच किलोचा लॅपटॉप, वर वीट म्हणून वापरता येईल असा चार्जर, खांद्याला व्यायाम. आणि फॅन असा की मीटिंगमध्ये कोणीतरी हमखास विचारतं, कोणाकडे मिक्सर चालू आहे का. तुम्ही म्यूट व्हायचं, तेवढंच बोलणं वाचतं. मी या फॅनच्या जोरावर दोन अवघड मीटिंगा न बोलता काढल्यात, त्यामुळे माझी तरी तक्रार नाही.

मजबुती पाहिजे असेल तर मिलिटरी ग्रेड असा शिक्का शोधा. मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकन लष्कराचं खरोखरचं स्टँडर्ड आहे, त्यात बुरशी, खारं धुकं, गोळीबाराचे हादरे अशा कायकाय चाचण्या आहेत. कुठल्या घ्यायच्या ते कंपनी आपली आपण ठरवते आणि पास झालो असंपण आपणच सांगते, वरून सर्टिफिकेट देणारं लष्करी ऑफिस वगैरे काही नसतं. पेपर आपला, तपासणारे आपण, निकाल ऐंशी टक्क्यांच्या वर. घरातल्या लॅपटॉपच्या नशिबी खारं धुकं नसतं, चार्जरच्या वायरीत अडकलेला पाय असतो.

बॅटरीचा आकडा बघताना "पर्यंत" हा शब्द वाचायचा नाही. १८ तासांपर्यंत म्हणजे १८ तास. तो आकडा बऱ्याचदा ब्राइटनेस उतरवून एकच व्हिडिओ सतत चालवून काढलेला असतो, तुम्हीही तसंच वापरा की, चाळीस टॅब उघडायला कोणी सांगितलंय?

पोर्टबद्दल फार बोलत नाही, बीपी वाढतं. ५ जीबीपीएसची जी यूएसबी होती तिला आधी ३.० म्हणायचे, मग ३.१ जेन १, मग ३.२ जेन १. वेग तोच. पाटी दोनदा बदलली. आणि यूएसबी-सी तर नुसता भोकाचा आकार आहे, त्या भोकाच्या आत ४८० एमबीपीएस आहे की ४० जीबीपीएस आहे, चार्जिंग होतं का, मॉनिटर लागतो का, हे तो लॅपटॉप आणि त्याचा देव जाणे.

आणि हो, एआय. एआय नसलेला लॅपटॉप आता घेऊच नका, लोक हसतात. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ठरवलं की कोपायलट प्लस पीसी म्हणवून घ्यायचं असेल तर आत किमान ४० टॉप्सचा एनपीयू (एआयची गणितं करणारी वेगळी चिप) पाहिजे, म्हणजे सेकंदाला ४० लाख कोटी गणितं. एवढ्या ताकदीवर तुमच्या मीटिंगमध्ये मागचं कपाट एकदम सुंदर ब्लर होतं. आधीपण व्हायचं, पण तेव्हा त्यात एआय नव्हता हो. कीबोर्डवर कोपायलटचं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं, वेगळं बटण पण मिळतं, चुकून दाबलं जातं आणि मग बंद कसं करायचं ते फोनवर शोधावं लागतं.

एवढं सगळं करून लॅपटॉप घरी आला की पुढचा महिनाभर रोज त्याच मॉडेलची किंमत बघत राहा. उतरणारच. न बघितली तर दुःख कसं होणार.

मला विचाराल तर मी माझ्या पद्धतीवर ठाम आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ आलं, ते अधिकृतपणे चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत इंटेलचं आठवं जनरेशन आणि त्याच्या पुढचे, अगदी मोजके अपवाद सोडले तर. ताईचा आय-५ यादीत, माझा आय-७ बाहेर. तिने मधे रॅम वाढवून घेतली, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि तिचं बरं चाललंय. माझ्यावर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण एक आहे, तिने तिच्या लॅपटॉपवरचं आय-५ चं स्टिकर पहिल्याच दिवशी नखाने खरवडून काढलं होतं, आणि माझं आय-७ चं अजून जागेवर आहे, एक कोपरा उचलला होता तो मी फेविकॉलने बसवला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तर येणारा जाणारा अजूनही माझ्याकडेच बोट दाखवून म्हणतो, हा भारी दिसतोय.