गुण्या आणि गोविंद

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ही गोष्ट आमच्या इमारतीत कोणाला तरी सांगणे ही माझी पहिली चूक होती. 1998 साली पदवी हातात पडली तेव्हापासून मी विम्याच्या एका वातानुकूलित कचेरीत बसून दाव्यांचे कागद तपासत आलो आहे, आणि एवढ्या वर्षांत लोखंडाशी माझा आलेला सर्वांत निकटचा संबंध म्हणजे लोकलच्या डब्यातला उभा दांडा. परंतु गिरगावातल्या आमच्या चार मजली जुन्या इमारतीत पदवी म्हणजे पदवी. डॉक्टर दिसला की लोक जीभ बाहेर काढतात, आणि मी दिसलो की मिक्सर.

यंदाच्या जुलैत प्रकरण मिक्सरच्या पुढे गेले. गच्चीचे दार उभ्या सागवानी फळ्यांचे आहे आणि त्याला वरच्या बाजूने, चौकटीत शिरणारा, जाडजूड गजाचा उभा बोल्ट आहे. तो गज ज्या पट्टीच्या भोकात शिरतो ती पट्टी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने खाऊन पापडासारखी झाली होती आणि एका वादळी रात्री ती पडलीच. त्यानंतर दार रात्रभर आपटू लागले. सुतार म्हणाला की लोखंडाचे काम आपले नव्हे, आणि ग्रिलवाला म्हणाला की एवढ्याशा कामासाठी माणूस पाठवणे परवडत नाही. तेव्हा सेक्रेटरींनी सभेत माझ्याकडे पाहून जे स्मित केले, त्याचा अर्थ मला खुर्चीवरून उठण्यापूर्वीच कळला होता.

सहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचा एक तुकडा कापायचा, चारही कडा कानसून सरळ करायच्या, मधोमध गजासाठी एक भोक पाडायचे आणि दोन बाजूंना स्क्रूंसाठी दोन. काम एवढेच होते. खरे सांगायचे तर माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमधला जॉब याहून वेगळा नव्हता. तेव्हा आम्हांला पन्नास बाय पन्नास मिलिमीटरचा चौरस करायला दिला होता. चौरस म्हणजे चार समान बाजू आणि चार काटकोन, हे ज्ञान मला पाचवीपासून होते. ते हातांत उतरवायला एक सत्र पुरले नाही. एक बाजू गुण्यात, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराच्या मापात, आणावी, तर शेजारची बाजू रुसून बसे. तिची समजूत काढावी, तर पहिलीचा काटकोन जाई. अशा रीतीने सर्वांना न्याय देता देता माझा चौरस पन्नासावरून सेहेचाळिसावर आला. वर्कशॉपच्या सरांनी त्यावर गुण्या टेकवला, तो उजेडाकडे धरून एक डोळा मिटला आणि अत्यंत शांतपणे विचारले, “या फटीतून विरार फास्ट जाईल ना रे?” संपूर्ण बॅच हसली. गुण्यागोविंदाने राहणे या शब्दप्रयोगातला गुण्या हाच असावा, अशी माझी त्या दिवसापासून खाजगी समजूत आहे. माझ्या जॉबमध्ये फक्त गोविंद उरला होता.

असो. हत्यारे आणायला मी शनिवारी चालत निघालो. मुंबईत नावावरून बाजार ओळखू नये. लोहार चाळीत लोहाराऐवजी विजेच्या तारा आणि दिवे भेटतात, आणि दारूखान्यात दारूऐवजी जुने लोखंड. हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीटच गाठावी लागते. तिथल्या एका चिंचोळ्या दुकानात मी कानस मागितली. गल्ल्यावरच्या गृहस्थांनी चपटी की अर्धगोल, किती इंची, असे रीतसर विचारले आणि मग मागच्या पोऱ्याला ओरडून सांगितले, “साहेबांना बास्टर्ड दाखव!” दुकानातल्या दोन स्त्रियांनी वळून माझ्याकडे पाहिले. दात्यांच्या भरडपणानुसार कानशीला रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूथ अशी नावे आहेत आणि बास्टर्ड ही त्यांतली अगदी सभ्य, मधल्या दर्जाची कानस आहे, हे त्यांना समजावून सांगण्याचा मोह मी आवरला. ती चपटी कानस, भोकासाठी एक गोल कानस, हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीची, चौकट, इंचाला चोवीस दात्यांची दोन पाती, एक सेंटर पंच आणि एक गुण्या एवढा ऐवज घेऊन मी बाहेर पडलो. ऐनवेळी हौसेने व्हर्नियर कॅलिपरही घेतला. हे उपकरण 0.02 मिलिमीटरपर्यंत माप दाखवते, आणि माझी पदवी ज्यात शाबूत आहे असे आयुष्यातले ते एकमेव क्षेत्र आहे.

राहिला प्रश्न शेगड्याचा. शेगडा म्हणजे व्हाइस, म्हणजेच कामगार ज्याला बांक म्हणतात तो. त्याच्या जबड्यात तुकडा घट्ट धरल्याशिवाय लोखंडावर कानस चालवणे म्हणजे पळत्या म्हशीचे दूध काढणे. तो मिळाला दुसऱ्या मजल्यावरच्या फिटरकाकांकडे. काका परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1982 च्या संपात गिरणी सुटली, फिटर हे नाव मात्र सुटले नाही. त्यांनी पलंगाखालून गोणपाटात गुंडाळलेला शेगडा असा काही बाहेर ओढला की जणू घरातली दागिन्यांची पेटी. तो दोघांनी मिळून गच्चीच्या जिन्यातल्या जुन्या बाकाला बोल्टांनी आवळला. काकांनी मला त्याच्यासमोर उभे केले आणि माझे कोपर शेगड्याच्या जबड्याच्या उंचीला येते की नाही ते पाहिले. येत नव्हते. मी एका विटेवर उभा राहिलो, आणि पुढचे सगळे काम त्या विटेवरून झाले.

सुरुवात करवतीने केली आणि पहिली दहा मिनिटे नुसता किरकिराट झाला. काका विडी पेटवून जिन्याच्या पायरीवर बसले होते. “पाते उलटे लावले आहेस,” ते म्हणाले. हॅक्सॉचे दाते पुढच्या दिशेला असावे लागतात, कारण ती पुढे ढकलताना कापते, ओढताना नव्हे, हे मी परीक्षेत पाच गुणांसाठी आकृतीसह लिहिले होते. पाते सुलटे करून मी ईर्ष्येने हात चालवू लागलो. “अरे, गाडी पकडायची आहे का? मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या पुरे.” मी पट्टीच्या निम्म्यापर्यंत पोचलो तेव्हा हात किंचित वाकडा झाला आणि पाते खाडकन मोडले.

नवे पाते लावून मी ते जुन्याच खाचेत घातले, तर ते तिथे अडकून बसले. पुढे जाईना की मागे येईना. येथे काकांनी विडी विझवली. पात्याचे दाते काही डावीकडे, काही उजवीकडे असे झुकवलेले असतात, त्यामुळे खाच पात्यापेक्षा रुंद पडते आणि पाते मोकळे फिरते. झिजलेल्या पात्याचा हा झुकाव कमी झालेला असतो, म्हणून त्याने पाडलेली खाच अरुंद, आणि नवे पाते त्या मानाने अंगाने भरलेले. “सासरेबुवांचा कोट जावयाला कसा होईल?” काका म्हणाले. त्यावर उपाय एकच, पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूने कापत यायचे. तसे केले. दोन्ही बाजूंचे काप मध्यभागी भेटतील अशी अपेक्षा होती. ते एकमेकांना पाहून न पाहिल्यासारखे करून, दीड मिलिमीटरच्या अंतराने निघून गेले. तुकडा पडला तेव्हा त्याला मधोमध एक स्वतंत्र पायरी होती.

ती पायरी घालवण्यासाठी कानस घेतली, आणि खरा वनवास तेथे सुरू झाला. कानस दुकानातून बहुधा मुठीशिवाय येते. तिची टोकदार शेपटी लाकडी मुठीत ठोकून बसवल्याखेरीज ती हाती धरायची नसते, नाहीतर शेपटी तळहातात शिरते. पाहणाऱ्याला वाटते की कानस मारणे म्हणजे हत्यार पुढेमागे करणे. वस्तुस्थिती अशी आहे की पुढे जाताना प्रथम डाव्या हाताने टोकावर भार द्यायचा, मध्यावर दोन्ही हातांचा समान, आणि शेवटी उजव्या हाताचा, म्हणजे कानस सपाट राहते. मागे येताना भार काढायचा. हे जमले नाही तर कानस सी-सॉसारखी डोलते, दोन्ही कडा जास्त खाल्ल्या जातात आणि मधला भाग पोट सुटल्यासारखा वर राहतो. मी तासभर घाम गाळला. हातांना गाळणीसारखी छिद्रे पडली आहेत की काय असे वाटू लागले. मग चकाकलेल्या कडेवरून मी कौतुकाने बोट फिरवले, तोच काका ओरडले, “हात लावू नकोस! बोटाचे तेल लागले की कानस घसरते.” त्यांनी खिशातून खडू काढून कानशीवर घासला, म्हणजे लोखंडाचा कीस दात्यांत रुतून बसत नाही, आणि गुण्या लावून तुकडा जिन्याच्या खिडकीकडे धरला. मला ते दृश्य ओळखीचे होते. मी विरार फास्टची वाट पाहिली.

“तुझ्या पोटासारखा झाला आहे,” एवढेच ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कानस स्वतःकडे घेतली. सत्तरीच्या त्या माणसाने पाय मागेपुढे रोवले, आणि कानस अशी निघाली की तिचा आवाज पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत एकच राहिला. माझ्या कानशीचा आवाज भांडणासारखा चढत-उतरत होता, त्यांचा आरतीच्या घोळक्यातल्या एकाच संथ झांजेसारखा होता. वीसेक फेऱ्यांनंतर गुण्याखाली उजेडाची रेघही उरली नाही. मग त्यांनी कानस मला परत दिली आणि सांगितले की उरलेल्या तीन कडा माझ्या. त्या तीन कडांना तीन रविवार लागले.

भोकाची खूण करण्यासाठी मी कॉलेजात शिकलेली एक करामत काढली. मोरचूद पाण्यात कालवून स्वच्छ पोलादावर फासले की तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर सुईने ओढलेली रेघ लखलखीत दिसते. पट्टी तांब्याच्या तांब्यासारखी झळकू लागली, इमारतीतली मुले गोळा झाली, आणि कित्येक वर्षांनी मला इंजिनिअर असल्यासारखे वाटले. सेंटर पंचने खळगा पाडला, कारण खळग्याशिवाय ड्रिलचे टोक पृष्ठभागावर भटकते. माझ्या घरच्या ड्रिलमध्ये दहा मिलिमीटरच्या वर बिट बसत नाही, तेव्हा आधी चारचे, मग दहाचे भोक पाडून पुढचे गोल कानशीने वाढवायचे असे ठरवले. चारच्या भोकाला शेगडा कशाला, म्हणून मी तुकडा पकडीत धरला. बिट खालून बाहेर पडतानाच लोखंडाला घट्ट पकडते, हे वाक्य मला आठवले, पण ते पट्टी सुदर्शन चक्रासारखी फिरू लागल्यावर. पकड जिन्यावरून खाली गेली. मुलेही.

आता गजाच्या भोकाचे माप उरले, आणि येथे माझा व्हर्नियर म्यानातून निघाला. गजाची जाडी 11.96 भरली. मी चौकटीवर गजाचे नेमके केंद्र घेतले आणि काकांना जाहीर केले की भोक बरोबर 12.20 चे, अगदी गोल ठेवणार.

“लांबट ठेव,” काका म्हणाले. “आडवे, बोटभर लांबट.”

मी त्यांना समजावले की लांबट भोकात गज खडखडतो, दार आपटते, आणि मूळ तक्रार तीच होती. मी व्हर्नियरची काचेसारखी चकचकीत पट्टीही दाखवली. काकांनी ती चष्मा वर करून पाहिली, छान आहे म्हणाले आणि दुसरी विडी पेटवली.

पट्टी बसली तेव्हा गज भोकात असा शिरला की आवाजही झाला नाही. सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर माझे नाव लिहिले. पुरा ऑगस्ट आणि सप्टेंबर मी रोज रात्री, काही काम नसताना, गच्चीवर जाऊन तो बोल्ट एकदा उघडत आणि एकदा लावत असे.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ऊन तापू लागल्यावर, बोल्ट लागेनासा झाला. गज वर सरकवला की तो भोकाच्या शेजारी पट्टीवर टक्कन आपटे. व्हर्नियर लावला; चूक 4.30 मिलिमीटर, बिजागरीच्या दिशेने. पट्टी जागची हलली नव्हती आणि गजही वाकला नव्हता. मी पुन्हा मोजले, 4.32 आले. गच्चीतून खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर फिटरकाका दारातच उभे होते.

“पावसात सागवान फुगते,” ते म्हणाले. “उभ्या फळ्यांचे दार, ते रुंदीला फुगते. आता सुकले, मागे आले. जूनमध्ये परत पुढे जाईल.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलेत?”

“लांबट ठेव म्हणालो होतो की.”

ते आत गेले, पलंगाखाली वाकले आणि गोणपाटाचे एक टोक माझ्या हातात दिले. “धर त्या बाजूने. आणि ती वीट आण वरून.”