नवीन बॉल पायथनला पहिल्या दिवसापासून हातात घ्या म्हणणारा तो सल्ला चुकीचा आहे

सध्या एक सल्ला भयंकर फॉरवर्ड होतोय. नवीन बॉल पायथन (लोक पाळतात तो आफ्रिकेतला अजगर) आणला की पहिल्या दिवसापासून रोज अर्धा तास हातात घ्या, त्याला ठेवायच्या टाकीत लपायला काही ठेवू नका म्हणजे माणसं बघायची सवय होते, खात नसेल तर तोंड उघडून भरवा, चावला तरी खाली ठेवू नका, आणि कुठलाही साप असाच माणसाळतो, शेतातली धामणसुद्धा. नवीन पाळणारी पोरं हे वाचून तसंच करतात आणि हाल होतात सापाचे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी रोज हातात घेण्याचं. लोक फोटो टाकतात, बघा कसा शांत बसलाय. अरे तो शांत नाहीये, घाबरलाय! बॉल पायथन घाबरला की अंगाचा गोळा करतो, डोकं मध्ये खुपसतो आणि हलत नाही, जंगलात शिकारी समोर आला तरी हेच करतो. निवांत असलेला साप वेगळा दिसतो, जीभ सावकाश आत-बाहेर करत हातावरून फिरतो, अंग सैल असतं. मान इंग्रजी एस सारखी मागे घेतली असेल किंवा फुसफुस चालू असेल तर त्या दिवशी हात लावूच नका. नवीन घरात वास, तापमान, आवाज सगळंच बदललेलं असतं, त्यामुळे पहिला आठवडा-दोन आठवडे फक्त पाणी बदला, घाण काढा आणि बाजूला व्हा. त्याने दोन-तीन वेळा नीट खाल्लं की मग हाताळायला सुरुवात करा.

लपायला काही ठेवू नका हे तर अगदीच उलटं आहे. हा प्राणी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, दिवस काढतो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात. उघड्या टाकीत त्याला चोवीस तास धोका वाटत राहतो, आणि धोका वाटणारा साप खात पण नाही. लपायच्या दोन जागा हव्यात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, आणि अंग चिकटेल एवढ्या घट्ट. गरम बाजू ३१-३२ अंश, थंड बाजू २५-२७, आणि हीट मॅट (टाकी गरम ठेवणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावूच नका, पोट भाजतं.

भरवण्याबद्दल कळकळीने सांगतो, घरी तोंड उघडून काही कोंबू नका. धडधाकट मोठा बॉल पायथन कधीकधी महिनोन्महिने खात नाही, त्यात घाबरण्यासारखं नसतं. वजन करत राहा, ते उतरत असेल किंवा साप पिल्लू असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणाऱ्या डॉक्टरकडे न्या. आणि खाल्ल्यावर निदान ४८ तास हात नाही, नाहीतर खाल्लेलं ओकून टाकतो आणि ते त्याच्या अंगावर फार येतं.

चावला तरी खाली ठेवू नका, यात थोडं तथ्य आहे हे मान्य. दचकून लगेच टाकीत ठेवलं तर चावलं की सुटका होते हे तो शिकू शकतो. पण म्हणून घाबरलेल्या सापाला धरून बसायचं नसतं, स्वतः स्थिर राहा, तो जरा सैल पडला की ठेवून द्या. त्याने चावून हात दातात धरून ठेवलाच असेल तर ओढू नका, दात मागे वळलेले असतात, जखम वाढते आणि त्याचेही दात तुटतात. बहुतेक वेळा चावण्याचं कारण आपणच असतो म्हणा, उंदराला हात लावून न धुता टाकीत घातलेला हात, किंवा वरून झडप घातल्यासारखा गेलेला हात. त्याच्या ओठांवर उष्णता टिपणारे खळगे असतात, उंदराचा वास लागलेला गरम हात त्याला जेवणच वाटतो.

आणि धामण? धामण, नाग, आपला अजगर असे देशी साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरात निघाला तर सर्पमित्राला किंवा वनखात्याला फोन करा. बॉल पायथन परदेशी असला तरी त्याचीही परिवेश पोर्टलवर (केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याची वेबसाइट) नोंदणी लागते.

मग हाताळायचं कसं? आधी हुकने (साप हाताळायची आकडा असलेली काठी) अंगाला हलकेच स्पर्श करा, म्हणजे जेवण नाही हे त्याला कळतं. मग बाजूने हात नेऊन अंगाच्या मध्याखाली आधार द्या, डोक्याला हात लावू नका. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं, आठवड्यातून एक-दोनदा, बास. डोळे निळसर धुरकट झाले असतील तर कात टाकून होईपर्यंत सुट्टी, तेव्हा त्याला नीट दिसत नसतं आणि तो जास्त दचकतो.