कॉलेजचा टॉप स्कोअरर एनबीएत चालतोच?

जूनमध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट (संघ एकामागोमाग एक नवे खेळाडू निवडतात तो) जवळ आला की एक दावा हमखास फिरू लागतो. कॉलेजात पॉइंटांचा पाऊस पाडणारा पोरगा पुढेही पाडणारच. बास्केट दोन्हीकडे 10 फुटांवरच असतं. खेळाडू हेरणारी स्काउट मंडळी मात्र फीत घेऊन उंची मोजत बसतात, म्हणून त्यांना हे दिसत नाही. पुरावा म्हणून खाली एनबीएत स्टार झालेल्या स्टीफन करीचा फोटो.

करी 2008-09 मध्ये डेव्हिडसन कॉलेजकडून सामन्याला सरासरी 28.6 पॉइंट करून देशात पहिला होता, हे खरंच. पण 2005-06 मध्ये 28.1 करून गोंझागा विद्यापीठाचा ॲडम मॉरिसनही पहिलाच होता. तो ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि पहिल्याच मोसमात त्याचे शंभरातले चाळीस शॉटही पडेनात. पुढे गुडघा गेला, पण घसरण त्याआधीची. त्याचा फोटो कुणी लावत नाही.

आता 26 जानेवारी 2011 ची रात्र घ्या. सॅन दिएगो स्टेटचा कॉलेज संघ तोवर 20-0, अजिंक्य. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या जिमर फ्रेडेटने त्यांच्यावर 43 पॉइंट ठोकले आणि सामना काढला. हरलेल्या संघात कावाय लेनर्ड होता. मोसमाची सरासरी जिमरची 28.9, लेनर्डची 15.5. वर लेनर्डचे थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून टाकलेले, तीन पॉइंटांचे शॉट) पडायचे जेमतेम 29 टक्के. ड्राफ्टमध्ये जिमर दहावा, लेनर्ड पंधरावा. पुढे लेनर्ड दोनदा फायनल्सचा सर्वोत्तम खेळाडू झाला. जिमर एनबीएत सरासरी सहाच्या आसपास राहिला.

गंमत म्हणजे जिमरचा हात एनबीएतही बिघडला नाही; थ्री-पॉइंटर तो तिथेही बरे टाकायचा. पण कॉलेजात सगळा हल्ला त्याच्याच हातून चालायचा. एनबीएत, समोरच्याला अडवता न येणाऱ्या गार्डच्या (बास्केटपासून दूर खेळणाऱ्या, बहुधा कमी उंचीच्या खेळाडूच्या) हाती कोण सतत चेंडू देणार? चीनच्या लीगमध्ये चेंडू पुन्हा त्याच्याकडे आला, तर गड्याने एकेका सामन्यात सत्तरच्या वर केले! लेनर्डकडे मात्र सामन्याला दहावर रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा पकडलेला चेंडू) होते, लांब हात होते, डिफेन्स होता. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे विनाअडथळा शॉट) 76 टक्के, म्हणजे हात मुळात बरा होता; लांबचा शॉट सुधारायला जागा होती, आणि त्याच्या एनबीए संघाने, स्पर्सने, तो सुधारून घेतला.

राहिलं ते 10 फुटांचं. बास्केट तेवढ्यावरच, पण जिमरच्या काळात थ्री-पॉइंट रेषा कॉलेजात 20 फूट 9 इंचांवर होती. एनबीएत कोपरे सोडले तर 23 फूट 9 इंच. शॉट घ्यायला कॉलेजात तेव्हा 35 सेकंद, एनबीएत 24. आणि हा फरक नेहमी अवघडच करतो असंही नाही. एनबीएत उंच डिफेंडरला कुणाला जवळून न अडवता बास्केटखाली तीन सेकंदांवर थांबता येत नाही; आत घुसणाऱ्याला उलट मोकळीक मिळते.

फितीबद्दलचा टोमणा मात्र अर्धा बरोबर आहे. 2007 च्या ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचणीत, पुढे एनबीएत स्टार झालेल्या केव्हिन ड्युरँटला 185 पौंडांचा बार एकदाही उचलता आला नाही आणि त्यावरून केवढं हसं झालं. तरी तो दुसरा निवडला गेला. पुढे एनबीएत चमकलेल्या जेलन ब्रन्सनचं नशीब एवढं नव्हतं. व्हिलानोव्हा विद्यापीठाकडून दोन राष्ट्रीय विजेतेपदं, 2018 चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, पण बुटका. तेहतिसावा गेला. खरं तर तो वर जायला हवा होता, आणि तेही पॉइंटांसाठी नव्हे, तर पावलांची चपळाई, दोन्ही पायांवर थांबून डिफेंडरला चकवणं आणि चेंडू न गमावणं यासाठी. ते टीव्हीवरही दिसत होतं.